वेशीचे अकरा सदरे

भिंगारचे यासीनभाई नालबंद यांचं नाव पहिल्या ओळीत लिहून ठेवतो. पुढं लिहिताना माणूस स्वतःच्याच गोष्टीत रमतो आणि ज्यानं हात दिला तो मागं पडतो, तसं होऊ नये म्हणून. यासीनभाई नसते तर नगर जिल्हा मी स्टेशनातल्या बाकावरून पाहिला असता आणि आल्या गाडीनं परतलो असतो. दुसरं नाव त्यांच्या आईचं. सगळं भिंगार त्यांना बडी बी म्हणतं. इतके महिने त्यांच्या हातचं खाल्लं, पण त्यांचं खरं नाव मला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

विजयदुर्गाच्या खाडीकाठचा मी. मराठी तिसरी झाली तेव्हा शाळा सोडली आणि जाळ्यावर बसलो. शाळेच्या भिंतीवर नकाशा होता, पण आम्हा पोरांची बोटं त्यातल्या निळ्या रंगावरच फिरायची. नगर कुठं आहे ते मला दौंडला गाडी बदलेपर्यंत माहीत नव्हतं. लढाईची वर्षं होती. जाळ्याला सूत मिळेना, रात्री दिवे लावून होड्या नेऊ नका असं सरकारी लोक सांगून गेले होते. अशात आमच्या वाडीतला एक जण नगरच्या लष्करी डेपोत लागला आणि त्यानं निरोप धाडला, की इथं जाळी विणणारी माणसं पाहिजेत, ये. रणगाड्यांवर पसरायची जाळी. विमानातून रणगाडा दिसू नये म्हणून त्यावर जाळं टाकतात आणि जाळ्यात रंगीत चिंध्या ओवतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मासे पकडायचं सोडून आता लपवायला चाललास.

स्टेशन ते भिंगार

नगरला उतरलो तो पौषातला मंगळवार. थंडी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आमच्याकडं पहाटे एक गोधडी पुरते. इथं उन्हं वर आली तरी टांगेवाले कानाला फडकी गुंडाळून बसलेले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी दोनदा उगीचच श्वास सोडून पाहिला.

भिंगार शहराला लागूनच, छावणीच्या कुशीत. रस्ते रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना कडुलिंब. मग एकदम जुनी वेस लागते आणि वेशीच्या आत बाजार सुरू होतो. इथं हवेत ओल नाही. दोन दिवसांत माझे ओठ फुटले, आणि एवढ्या कोरड्या मातीत माणसं कशाच्या जोरावर पेरतात याचं मला शेवटपर्यंत नवल वाटलं.

आमच्या वाडीतला तो गृहस्थ भेटलाच नाही. आठवड्यापूर्वी त्याला दुसरीकडच्या डेपोत हलवलं होतं. माझं गाठोडं खांद्यावर, ओळखीचं माणूस आसपास कोणी नाही, आणि परत जायचं तर घरी काय सांगायचं? तसाच जाळीच्या कामावरच्या मुकादमांकडं गेलो. ते केडगावचे. माणूस कडक, पण वाईट नाही. त्यांनी सुताचा तुकडा पुढं केला. मी गाठ मारून दाखवली तेव्हा ती ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली आणि मान हलवली. मग म्हणाले की हात चांगला आहे, पण काम छावणीचं आणि दिवस लढाईचे. भिंगारातली दोन माणसं घेऊन ये, जी म्हणतील की आम्ही याला ओळखतो. सोमवारी जागा भरायच्या आहेत, तोवर आण. नाही आणलीस तर दुसरा घेईन.

ओळखीची दोन माणसं. मी मनात मोजली ती सगळी खाडीच्या काठावर बसलेली होती.

नालबंदाचा मांडव

वेशीपासून जवळच एका कडुलिंबाखाली गवताचा मांडव होता आणि तिथं एक बैल पाडत होते. आमच्या चिखलाच्या शेतात बैलाला नाल लागत नाही, त्यामुळं हा प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. बैलाचे पाय दोरीनं आवळतात, त्याला कुशीवर पाडतात आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकतात. मला वाटलं, बैलाचा जीव घेतायत. तोंड वळवून निघणार, तोच दोरी सुटली. बैलानं पाय झाडला. मी गाठोडं टाकून दोरीचं टोक धरलं आणि होडी बांधायची गाठ मारली. ती गाठ ओढली की घट्ट होते आणि हवी तेव्हा एका झटक्यात सुटते.

पत्री ठोकणारा पन्नाशीचा, आखूड दाढीचा माणूस होता. तेच यासीनभाई. आधी त्यांनी काम संपवलं. मग गाठ सोडवून पाहिली, पुन्हा बांधायला लावली, आणि विचारलं, "कुठला तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. "समुद्राकडचा," मी म्हणालो.

"म्हंजे कोकण्या," ते म्हणाले, आणि भिंगारात माझं नाव तेच पडलं.

यासीनभाईंचा बाप आणि आजा पलटणीच्या घोड्यांना नाल मारायचे. पुढं पलटणीची घोडी गेली, त्यांच्या जागी रणगाडे आले, आणि रणगाड्याला नालबंद लागत नाही. आता टांग्याची घोडी आणि शेतकऱ्यांचे बैल, एवढंच काम. वाकून वाकून गुडघे गेलेले. तरी दिवसाकाठी पाच-सहा जनावरं ते हातावेगळी करत.

मी रात्री कुठं राहणार असं त्यांनी विचारलं. मी गाठोड्याकडं पाहिलं. मांडवाच्या मागच्या बाजूला गवताची गंजी होती, तिथं झोप म्हणाले. संध्याकाळी बडी बींनी हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी पाठवली. ताट समोर आलं आणि माझ्या मनात एक विचार आला तो खरा लिहितो: आमच्या घरी हे कळलं तर काय म्हणतील? मुसलमानाच्या घरचं अन्न मी कधी खाल्लं नव्हतं. मग शेंगोळीची वाफ नाकात गेली. लसूण आणि मिरची. घरी काय म्हणतील ते घरी गेल्यावर बघू असं ठरवलं आणि ताट पुसून खाल्लं. पुढं घरी सगळं सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, शेंगोळी म्हणजे काय आणि ती करतात कशी.

बैलवाल्याचं वेशीचं होणं

ज्याचा बैल पाडला होता ते भागूजी, सोनईचे शेतकरी. कांद्याची गाडी घेऊन आलेले. डोक्याला लाल मुंडासं, बोलण्याची भारी हौस. पत्र्या मारून झाल्यावर ते यासीनभाईंना म्हणाले की रविवारी येतोच. मला वाटलं बाजाराला. पण रविवारी बाजार नसतो. रविवारी फुटबॉल असतो.

फुटबॉल आमच्या गावी कोणी खेळत नव्हतं. मी चेंडू पाहिला होता तो लिंबाएवढा. इथं मात्र वेशीच्या आतल्या गल्ल्यांची स्वतःची टीम होती आणि छावणीच्या कडेच्या मैदानावर ती पलटणीच्या, कारखान्याच्या, शहरातल्या टीमांशी खेळायची. क्लबाला काही लांबलचक इंग्रजी नाव होतं म्हणे, पण ते कोणाला धड घेता येत नव्हतं. सगळे नुसतं 'वेस' म्हणत. "मी वेशीचा", एवढं सांगितलं की झालं.

मला नवल वाटलं ते भागूजींचं. सोनईचा माणूस भिंगारच्या वेशीचा कसा? विचारलं, तर ते बिडी पेटवून मांडवात बसलेच.

"ते काय झालं," ते म्हणाले, "मी मैदानाच्या कडंनं गाडी घेऊन चाल्लो हुतो. चेंडू आला तो थेट बैलाच्या शिंगावर. बैल उधळला. गाडी न् मी न् कांदे, समदं मैदानात. माणसं पळाली. आन् वेशीचा एक गडी हुता, त्याच्या पायापाशी चेंडू, म्होरं कुनी न्हाई, नुसता मारायचा आन् गोल. त्यानं चेंडू सोडला आन् माझ्या बैलाची येसन धरली. त्या दिशी वेस हारली. तवापासनं मी वेशीचा. माझा थोरला बी वेशीचा, धाकला बी. त्यास्नी चेंडू कसा आसतो ते बी ठावं न्हाई."

यासीनभाई खाली मान घालून खिळे वेचत होते. म्हणाले, हे दर वेळी सांगतात आणि दर वेळी एक पोतं कांदे जास्त सांडतात.

बुधवारी संध्याकाळी मी धीर करून मुकादमांची अट यासीनभाईंना सांगितली. एक ओळखणारा तुम्ही व्हाल का, विचारलं. ते हातोडीचा दांडा पुसत राहिले.

"कोकण्या, मी तुला कालपासून वळखतो," ते म्हणाले. "मुकादम विचारील, किती दिवसाची वळख? मी काय सांगू? माणूस तू चांगला दिसतोस. पण दिसतोस म्हणून वळखतो असं कसं म्हणू? आज खोटं बोललो तर उद्या माझ्या शब्दाला कोण विचारील?"

ते रागावून बोलले नाहीत, आणि जेवण त्या रात्रीही आलं. पण भाकरी मोडता मोडता सोमवारपर्यंतचे दिवस मी डोळ्यांपुढं मांडत होतो आणि प्रत्येक दिवशी भिंगारातली माणसं मला तेवढीच अनोळखी दिसत होती.

दोरीवरचा एक सदरा

गुरुवारी काम नव्हतं म्हणून गल्ल्या हिंडलो. सुकट-बोंबिलाचं एक दुकान सापडलं. जुना, वासाचा माल, घरी मांजराला घातला नसता. तरी तिथं उभं राहून मी वास घेत होतो. दुकानदाराला वाटलं चोर आहे.

तेव्हा लक्षात आलं की गल्लीत काही दारांपुढं दोरीवर एकेक हिरवा सदरा वाळतो आहे. टांगेवाल्याच्या दारात एक, शिंप्याच्या दारात एक, पिंजाऱ्याच्या दारात एक, बडी बींच्या अंगणातही एक. कापड तेच, रंग तोच. पलटणीचा पोशाख असेल म्हणावं तर एका घरात एकच कसा?

बडी बींनी सांगितलं. ते वेशीचे सदरे. वेशीचा सदरा धोब्याकडं जात नाही. अकरा सदरे अकरा घरांत; इथं गोलकीपरही त्याच रंगात खेळतो. मॅच झाली की खेळणारा सदरा उतरवून त्या घरी देतो. घर धुतं, फाटला तर शिवतं, आणि पुढच्या मॅचला मैदानावर पोचवतं. सुरुवातीला सोय म्हणून असेल, आता रीत झाली आहे. खेळणारा आपला सदरा आपण धूत नाही, तसं करणं वाईट समजतात. आणि गंमत अशी, की खेळणारी पोरं बदलतात, कोणी भरती होतं, कोणी मुंबईला जातं. घर बदलत नाही. सदरा त्या घराचा.

मी प्रत्येकाला विचारत सुटलो की तुम्ही वेशीचे कसे झालात. मला वाटलं होतं लोक सांगतील, अमका गोल पाहिला, तमका खेळाडू आवडला. बहुतेकांचं उत्तर सारखंच: आमच्या घरी सदरा आहे. यासीनभाईंचंही तेच. पलटणीची घोडी गेली त्या वर्षी ते हात मोकळे घेऊन घरी बसून होते. कोणीतरी मैदानावर ओढून नेलं. तिथं गोलकीपरच्या सदऱ्याला घर पाहिजे होतं. त्यांनी घरी येऊन आईला विचारलं आणि आई हो म्हणाली.

बडी बींनी एकही मॅच पाहिलेली नाही. बायका मैदानावर जात नाहीत. पण सदरा हातात आला की त्या उन्हात धरून बघतात. कोपरांवर मुरमाची धूळ असली तर पोरगा खूप वेळा पडला, म्हणजे समोरच्यांनी जोर केला. छाती मळली असेल तर चेंडू अंगावर घेतला. पाठ मळली असेल तर चेंडू आत गेला, तो उताणा पडला. यासीनभाई घरी येऊन काही सांगायच्या आत त्यांना सगळं कळलेलं असतं. मी विचारलं, कधी चुकलं का? त्या म्हणाल्या, एकदा. पोरगा जिंकल्यावर मातीत लोळला होता.

लेफ्टला खेळणारा एकनाथ पावाच्या भट्टीवर कामाला होता. त्याच्या सदऱ्याचं घर साखर कारखान्याच्या कामाला निघून गेलं होतं, आणि तीन आठवडे तो बिचारा चोरून आपला सदरा आपण धूत होता. ती लाज त्याच्या चेहऱ्यावर दिसायची. शुक्रवारी तो सदरा घेऊन बडी बींकडं आला, की एखादं घर बघा. बडी बींनी सदरा घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि मला दिला.

एकनाथ म्हणाला, "याला घर कुठंय?"

"मांडवात ऱ्हातो ना?" बडी बी म्हणाल्या. "मांडवाला काय छप्पर न्हाई?"

माझं धुणं

तो सदरा माझ्या हातात आला तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. गावाबाहेर पडल्यापासून कोणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं. मनात आलं, हा सदरा असा धुवायचा की अकरांत उठून दिसला पाहिजे.

आमच्याकडं जाळं नवं झालं की ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळतात. जितकं उकळाल तितका रंग पक्का. लहानपणापासून हेच पाहिलेलं, त्यामुळं उकळल्यानं रंग बसतो हे माझ्या डोक्यात पक्कं. शिवाय पाठीवर तेलकट डाग होता. मी हंडा मांडला, धुण्याचा सोडा हात भरून टाकला आणि सदरा उकळायला ठेवला. पाणी हिरवंगार झालं. मला वाटलं, मळ निघतोय.

सदरा बाहेर काढला तर तो ताकासारखा. हिरव्याची नुसती आठवण काखेत आणि शिवणीत उरलेली.

सोमवारची आशा मी त्या हंड्यापाशीच सोडली. गाठोडं बांधायला घेतलं. यासीनभाईंनी सदरा पाहिला, गाठोडं पाहिलं, आणि आधी रंगाऱ्याकडं चल म्हणाले. शनिवारी सकाळीच गेलो. रंगारी म्हणाला, लढाई लागल्यापासून हिरवा रंग दुकानात आला नाही. आहे तो खाकी, तोही पलटणीसाठी. रविवारी मॅच, आणि शिट्टी वाजवणारा गोरा सार्जंट असा कडक, की मागं एकाचा सदरा वेगळा होता तर त्याला बाहेर बसवलं होतं. म्हणजे एकनाथ खेळणार नाही. दहाच खेळणार. एकनाथ मांडवाशी येऊन उभा राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तू जाळं धुतलंस रे बाबा, सदरा न्हाई."

बडी बी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, आपल्या दोरीवरचा गोलकीपरचा सदरा काढला आणि माझ्यापुढं टाकला.

"चढवायला रंग न्हाई," त्या म्हणाल्या. "उतरवायला सोडा हाय."

एकाला हिरवा करता येत नव्हता, पण दहांना फिके करता येत होतं. मात्र त्यांनी एक अट घातली. प्रत्येक घरी जाऊन सांगायचं ते मीच, आणि काय झालं ते सगळं सांगायचं.

ती दुपार मी विसरणार नाही. यासीनभाई सोबत होते, पण दारात मागं उभे राहायचे. मी पहिल्या दारात एवढा चाचरलो की शिंपीणबाईंना वाटलं मी मयतीचा निरोप आणलाय. कळल्यावर त्या एवढ्या हसल्या की शेजारीण आली, मग तिला मी पुन्हा सगळं सांगितलं. टांगेवाल्याच्या बायकोनं चांगलं झापलं: कोकणात कपडे धुतात की शिजवतात? पिंजाऱ्यानं तिथल्या तिथं सदरा हंड्यात टाकला. एका घरी सोडा नव्हता, तिथं राख वापरली. एका घरी पापडखार.

शेवटचं दार टीमच्या कप्तानाचं, त्यांच्या दोरीवर दुसऱ्या खेळाडूचा सदरा. त्याचे वडील रामभाऊ ओट्यावर बसले होते. या सदऱ्यांना पहिल्यांदा रंग दिला तो त्यांनी, स्वतःच्या हातानं, सगळे एका दिवसात. मी सांगायला लागलो तसे ते मान फिरवून बसले. नाही म्हणाले. वेस म्हणजे हिरवा रंग, तो कोण्या परक्याच्या चुकीसाठी जायचा नाही. यासीनभाई प्रथमच पुढं आले. त्यांनी एवढंच विचारलं, की रामभाऊ, रंग राखायचा का एकनाथ खेळवायचा?

रामभाऊंनी दोरीवरच्या सदऱ्याकडं पाहिलं. मग उठले, तो काढला, सुनेला चूल पेटवायला सांगितली आणि स्वतः बुडवला. पाणी हिरवं व्हायला लागलं तेव्हा मात्र आत निघून गेले.

रविवार, मैदानावर

अकरा सदरे एका ओळीत आले तेव्हा हसू आवरेना. एक ताकाचा, एक तांदळाच्या धुवणाचा, एक चुन्याचा, राखेनं धुतलेला करडा. शिवाय थंडीत रात्रभर वाळले नव्हते ते ओलेच अंगात. सार्जंट ओळीपुढून एकदा गेला, परत आला, डोळे बारीक केले. समोरची टीम लष्करी वर्कशॉपची, खाकी बनियनवाली. खाकी नाही ना, मग चालेल, अशा अर्थाचं काही बोलून त्यानं शिट्टी तोंडात धरली.

भागूजी सोनईहून ज्वारीचा हुरडा घेऊन आले होते. मैदानाच्या कडेला शेणी पेटवून कणसं भाजली, आणि माझ्या ओंजळीत गरम दाणे पडले. एवढं गोड धान्य मी पहिल्यांदा खाल्लं. आमचा भात त्यापुढं मुका वाटला.

यासीनभाई कायम वेशीच्या गोलामागं उभे राहत. गोल म्हणजे दोन खांब आणि वर आडवा बांबू. चेंडू पार गेला की लांब नाल्यापर्यंत घरंगळायचा आणि तो आणायला यासीनभाईच लंगडत धावायचे. मी धावतो म्हटलं तर ऐकेनात.

खेळ मला फारसा कळत नव्हता. पण एकनाथ चेंडू घेऊन निघाला की मला त्याचा सदराच दिसायचा, आणि माझे पाय आपोआप उचलले जायचे. कोणी त्याला पाडलं की माझ्या तोंडून मालवणी शिवी जायची. असं दोनदा झालं आणि मग मला कळलं, की लोकांना मी जे विचारत फिरत होतो त्याचं उत्तर मला आता विचारावं लागणार नाही.

बरोबरी होती. शेवटी शेवटी वर्कशॉपच्या एकानं दुरून चेंडू मारला. तो खांबाला चाटून गेला, आतून की बाहेरून ते कोणालाच दिसलं नाही. ते ओरडले गोल. आमचे ओरडले नाही. गोलकीपर उताणा पडलेला. सार्जंट धावत आला, खांब पाहिला, जमीन पाहिली. मग त्यानं गोलामागच्या माणसाकडं बोट केलं आणि हातानंच विचारलं, आत का बाहेर?

सगळं मैदान यासीनभाईंकडं बघत होतं. भागूजींच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. मला वाटलं, बाहेर म्हणतील. कोण नाही म्हणणार? इतक्या वर्षांचा वेशीचा माणूस.

"आत," यासीनभाई म्हणाले.

वेस हरली. परतताना वाटेत त्यांच्याजवळून कोणी चाललं नाही. मी आणि भागूजी तेवढे बरोबर. भागूजी आपल्या परीनं म्हणाले, जाऊ द्या, बैल तर न्हाई उधळला. घरी बडी बींनी सदरा उन्हात धरला, पाठ पाहिली, मग मुलाचं तोंड पाहिलं आणि पाणी तापवायला गेल्या.

सोमवार

सकाळी मी गाठोडं घेऊन यासीनभाईंच्या पाया पडायला गेलो. ते टोपी घालून तयार होते. एकनाथही भट्टीवरून पिठाचे हात घेऊन आला होता. चल म्हणाले.

मुकादमांनी आम्हाला पाहिलं. ते रविवारी मैदानावर होते, वर्कशॉपच्या बाजूला. त्यांनी मला सोडून यासीनभाईंना विचारलं की याला किती दिवसांपासून ओळखता. मंगळवार ते सोमवार, याच्यापुढं खरं उत्तर जाऊच शकत नव्हतं.

"आठवडा झाला न्हाई," यासीनभाई म्हणाले. "पण याच्या चुकीपायी आमच्या दहा घरांनी सदरे उकळले, मुकादम. आन् नऊ घरी यानं सोता जाऊन सांगितलं. परक्यासाठी कोण चूल पेटवतं? मी याला वळखतो."

एकनाथ म्हणाला, "सदरा याच्याकडंच हाय अजून."

मुकादम म्हणाले, काल स्वतःच्या टीमला हरवलंत. आज तुम्ही म्हणता तर मी काय शंका घेऊ? आणि मला आत पाठवलं.

लढाई संपेपर्यंत मी तिथं जाळी विणली. प्रत्येक रविवारी एकनाथचा सदरा मैदानावर पोचवला, गार पाण्यात धुऊन. सदरे पुढंही हिरवे झाले नाहीत. रंग मिळू लागला तेव्हा रामभाऊंनीच सांगितलं की राहू द्या आता. काम संपलं तशी मी सदऱ्याची घडी बडी बींच्या हाती दिली. गावी परतलो, पण कोणी विचारलं तर अजून मी वेशीचाच. इथं खाडीकाठी ते कोणाला कळत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

यासीनभाई, छावणीचं सूत मी घरी आणलं नाही, ते तुम्हाला आवडलं नसतं. इथं सूत अजून रेशनावर मिळतं तसं मिळतं. त्यातून वाचवलेलं ऐनाच्या सालीत उकळून ठेवतो आहे. पुरेसं झालं की मी दोन जाळी विणीन, भिंगारच्या दोन्ही गोलांना पुरतील अशी, आणि स्वतः आणून खांबांना बांधीन. मग चेंडू नाल्यापर्यंत जाणार नाही, तुमच्या गुडघ्यांना धावावं लागणार नाही, आणि आत का बाहेर हे तुम्हाला कधी कोणी विचारणार नाही.